उशीर नेमका कुठे झाला

"घरबसल्या काम आहे, ठरलेले तास आहेत, डोक्याला ताप नाही. आणखी काय हवंय तुला?" नवऱ्याने पुन्हा तेच विचारलं आणि पुन्हा चमचा ताटाच्या कडेवर आपटला.

"चमच्याने बोलू नका," थोरली म्हणाली. "तोंडाने बोलताय तेवढं पुरे आहे."

"तोंडाने बोललं की तू ऐकत नाहीस."

"ऐकलं की. फोन वाजला की उचलायचा, 'आपली अडचण आम्ही नोंदवून घेतली आहे' म्हणायचं आणि ठेवायचा. सगळं ऐकलं. मला नकोय ते."

सासूबाईंनी घास चावणं थांबवलं. "फोनवर बोलायला पगार देतायत आणि हिला नको! मला विचारा म्हणावं, मी फुकट बोलेन."

"आजी, त्यात समोरच्यालाही बोलू द्यावं लागतं," नात म्हणाली.

"तू जेव गप."

"नको तर नको, पण मग करणार काय?" नवरा म्हणाला. "ते तुझं खूळ? लोकांच्या डेटाबेसात जाऊन भर घालणार, तीही फुकटात? तुझा साहेब काय म्हणतो, तुझी क्वेरी संथ आहे. मग ती नीट कर, नाहीतर सोड. यात एवढं महाभारत कसलं?"

"ती संथ आहे की तिला कुणी थांबवून ठेवतंय, हेच कुणाला माहीत नाही. साहेबांनाही नाही."

"आणि तुला?"

"मलाही नाही," थोरलीने भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "म्हणून तर."

थोरली म्हणजे या घरातली मोठी सून. धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि तिथे राहूनच सगळ्यांची लाडकी होती. थोरली पन्नाशीकडे झुकलेली, केस आखूड कापलेले, चष्मा नवऱ्याच्याच दुकानातला. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांना "आता जास्त स्पष्ट दिसतंय की मघाशी?" असं शांतपणे विचारायचा आणि घरी आल्यावर त्याला कुणी काही विचारलेलं खपायचं नाही. सासूबाईंसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची, खोलीचं दार लागलं की 'अरे'.

ती ज्या कंपनीत होती ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रोज सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या प्रयोगशाळांतली काउंटरवरची माणसं एकच गोष्ट विचारायची, कुणाकुणाचे निकाल अजून यायचे आहेत? बटण दाबलं की हा प्रश्न, म्हणजे क्वेरी, माहिती साठवणाऱ्या डेटाबेसकडे जायची आणि तिथेच रमायची. काउंटरवरची बाई उठून पाणी पिऊन यायची तरी पडद्यावरचं चाक गरगरतच असायचं. समोरच्या बाकावर उपाशीपोटी रक्त दिलेली माणसं कापसाचा बोळा दाबून बसलेली.

ही क्वेरी थोरलीने लिहिलेली होती.

ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेणारी क्वेरी डेटाबेस आपणहून एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्या फाइलला स्लो लॉग म्हणतात. महिनाअखेरीला साहेब त्यातून यादी काढायचे आणि मीटिंगमध्ये भिंतीवर दाखवायचे, नापासांची नावं फळ्यावर लिहावीत तशी. सगळ्यात वर कायम थोरलीची क्वेरी. साहेब नवे होते, वयाने तिच्याहून लहान आणि बोलायला गोड. "मॅडम, राग मानू नका, पण शेवटी आकडा बोलतो," ते म्हणाले. वर्ष संपलं की डेटाबेसचं काम नव्या मुलांकडे जाईल आणि तिला घरबसल्या ग्राहकांच्या फोनवर घेता येईल, असं त्यांनी सुचवलं. सुचवलं म्हणजे ठरवलंच होतं, फक्त आवाज मऊ होता.

थोरलीचं म्हणणं असं, की आकडा बोलतो पण अर्धवट बोलतो. किती वेळ गेला ते सांगतो, कशात गेला ते सांगत नाही. तिची खात्री होती की तिची क्वेरी दुसऱ्या कुणाच्या मागे ताटकळत उभी राहते. पण खात्री भिंतीवर दाखवता येत नाही.

ही खोड तिच्या वडिलांची. ते शहराबाहेरच्या रस्त्यावर वजनकाट्यावर होते. जमिनीलगत लोखंडी फलाट, बाजूला काचेची खोली, आत वडील आणि एक पंखा. सुट्टीच्या दिवसांत ती त्या खोलीत स्टुलावर बसून अभ्यास करायची. भरलेला ट्रक फलाटावर चढायचा, आकडा उमटायचा, ड्रायव्हर खिडकीतून हात पुढे करायचा, "द्या चिठ्ठी." वडील चिठ्ठी द्यायचे नाहीत. "हे ट्रकचं आणि मालाचं मिळून झालं. रिकामा करून आण, मग मालाचं सांगतो." ड्रायव्हर शिव्या द्यायचे. वडील काच लावून घ्यायचे. शाळेतली पोरं तिला 'काटा' म्हणायची आणि ते तिला कधी लागलं नाही. पोरं चिडवायला म्हणायची, तिला आपलं कौतुक चाललंय असंच वाटायचं.

पुढे ती गणित शिकली, माहिती भरायच्या नोकरीला लागली, लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी सुटली. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने पुन्हा सुरुवात केली ती तळापासून. तिच्याबरोबरच्या मुली तोवर वरच्या केबिनमध्ये बसल्या होत्या. तिला घरून करायचं काम आणि घरातल्या मागच्या खोलीतलं टेबल मिळालं. एका बाजूला इस्त्रीचा फळा, दुसऱ्या बाजूला सासूबाईंची पत्र्याची ट्रंक, मध्ये ती. ट्रंकेतलं काही हवं असलं की सासूबाई मीटिंग चालू असतानाही आत यायच्या आणि पडद्यावरच्या माणसांना "चालू द्या तुमचं" म्हणायच्या.

"पण करणार काय तू नक्की?" सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. दोघी न्हाणीघराबाहेर उभ्या होत्या. घरात न्हाणीघर एकच. आत नवरा, आणि तो गात होता.

"आता हेच बघा ना आई. आत कोण आहे?"

"तुझा नवरा. दुसरं कोण एवढं बेसूर गाणार?"

"आणि बाहेर?"

"मी. टॉवेल घेऊन. केव्हाची."

"आता समजा कुणी लिहून ठेवलं की आईंना आंघोळीला पाऊण तास लागला."

"मला?" सासूबाई ताठ झाल्या. "माझी आंघोळ चिमणीसारखी! वेळ लागतोय तो याला."

"पण नाव तुमचं लागलं."

सासूबाईंनी दारावर थाप मारली. "ऐकलंस का रे! तुझा वेळ माझ्या नावावर लागतोय!"

"काय?" आतून आवाज आला.

"काही नाही. गा तू."

थोरलीला हसू आलं. "साहेबांच्या यादीत माझ्या नावावर असाच वेळ लागलाय, असं मला वाटतं. आता दुसरी गोष्ट. रोजचे डबे ओट्यावर असतात, हात लांबवला की मिळतात. ओट्यावर मावत नाहीत ते माळ्यावर. तिथलं काही हवं असलं तर शिडी लावायची."

"शिडी कुठेय ते आधी शोधायचं. परवा तुझ्या लेकीने बाल्कनीत नेऊन कपडे वाळत घातले होते तिच्यावर."

"डेटाबेसमध्ये माहिती अशीच पानापानांनी ठेवलेली असते. पान मेमरीत असलं तर ओट्यावर आहे म्हणायचं. नसलं तर डिस्कवरून आणायचं, म्हणजे माळ्यावर चढायचं. ही ने-आण करणाऱ्या भागाला स्टोरेज इंजिन म्हणतात. किती पानं उघडली, त्यातली किती माळ्यावरून काढली, त्यात किती वेळ गेला, कुणाच्या दाराबाहेर किती वेळ उभं राहावं लागलं, सगळं त्याला कळतं. पण स्लो लॉग त्याला विचारतच नाही. नुसतं लिहितो, एवढा वेळ लागला. मी त्याला विचारायला लावणार आहे. एका ओळीत चार आकडे जास्त."

"म्हणजे चुगली करायला लावणार."

"हिशेब द्यायला."

"तेच ते," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांना ते आवडलेलं दिसलं. दार उघडलं, वाफेबरोबर नवरा बाहेर आला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहिलं.

तो डेटाबेस कुणा एकट्याच्या मालकीचा नव्हता. त्याचा सगळा कोड उघडा, जगभरातले लोक त्यात भर घालायचे आणि काही जाणती माणसं ती तपासून घ्यायची किंवा परत करायची. थोरलीचं काम तपासायला आला तो कोण, कुठला, केवढा, काही कळलं नाही. तो तार केल्यासारखं लिहायचा. मुलीने त्याचं नाव ठेवलं तारवाले आजोबा. कदाचित तो मुलीच्याच वयाचा असेल, पण नाव पडलं ते पडलं.

ऑफिसचं काम सांभाळून थोरली हे काम दुपारी करायची. भांडी ओट्यावरून उतरली, सासूबाई आडव्या झाल्या, की टेबलाशी बसायची ते चहाच्या वेळेपर्यंत. प्रत्येक जोडणीबरोबर, म्हणजे डेटाबेसशी बोलायला येणाऱ्या प्रत्येकाच्या खात्यावर, तिने मोजणारे आकडे ठेवले. पान उघडायच्या आधी घड्याळ बघा, उघडल्यावर पुन्हा बघा, एक वाढवा. डिस्कवर गेलो, इकडेही एक वाढवा. लिहायला सोपं वाटलं. दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं बांधलेल्या घरात एक खिळा ठोकायचा तर भिंतीतून कोणती तार जाते ते आधी शोधावं लागतं, आणि हे शोधण्यातच आठवडे गेले. तिने पहिली आवृत्ती पाठवली.

तारवाल्यांचं उत्तर आलं. "घड्याळ किती वेळा बघता?"

तिने सांगितलं, प्रत्येक पानाला दोनदा.

"घड्याळ बघायलाही वेळ लागतो. ज्याला हे आकडे नको आहेत, त्याला त्यांची किंमत पडता कामा नये."

ती दोन दिवस चडफडली. मग तिला पटलं. पान मेमरीतच मिळालं तर घड्याळ कशाला बघायचं? डिस्कवर जावं लागलं तरच बघायचं, आणि तेही डेटाबेस चालवणाऱ्याने मागितलं असेल तरच. मुळात ही सोय बंदच ठेवायची. हवी त्याने चालू करावी. तिने सगळं उसवून पुन्हा शिवलं. मग आकडे बंद ठेवून आणि चालू ठेवून त्याच त्या क्वेऱ्या पुन्हा पुन्हा चालवल्या. बंद असताना काही फरक पडत नाही, याची खात्री झाल्यावरच दुसरी आवृत्ती पाठवली.

हे तिने जेवताना हौसेने सांगितलं. नवऱ्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "बघ. त्या म्हाताऱ्याला कळतं. ज्याला नको, त्याला किंमत नको. आम्हाला कोण विचारतंय?"

 आपल्या या कामाची नवऱ्याला कोणती किंमत पडली, ते थोरली आठवू लागली. त्याचे शर्ट इस्त्री होऊन खुंटीवर होते. सासूबाईंच्या गोळ्या खणांच्या डबीत भरलेल्या होत्या. मुलीचा डबा कधी चुकला नव्हता. तिने काम असं केलं होतं की ते घरातल्या कुणाला दिसूच नये. तिचं घरातलं असणंच त्या बंद ठेवलेल्या सोयीसारखं, कुणाला किंमत पडू न देणारं झालं होतं, इतक्या वर्षांचं, की तिला स्वतःलाही ते आज दिसलं. तिने ताटं उचलली. उचलताना एक जरा जोरात आपटलं.

"आता ताटाने बोलतेयस," नवरा म्हणाला.

मग चूक सापडली. आधी चूक वाटलीच नाही, गंमत वाटली. तपासणीसाठी तिने लॉगची वेळमर्यादा काढून टाकून एका मागोमाग बऱ्याच क्वेऱ्या चालवल्या होत्या, मोठ्या, अवजड, आणि सगळ्यात शेवटी एक चिमुकली, आज तारीख काय एवढंच विचारणारी. लॉगमध्ये त्या चिमुकलीच्या नावापुढे हजारो पानं. नुसती तारीख सांगायला डेटाबेस माळ्यावर हजारदा चढून आला होता म्हणे. तिने कोड वर-खाली वाचला. मोजणी बरोबर, जागा बरोबर, वाढही बरोबर. दुसऱ्या दिवशीही वाचला. डोळे चुरचुरायला लागले.

त्या संध्याकाळी गॅसवर दूध होतं आणि ती भांड्यासमोर उभी राहून त्याच चिमुकल्या क्वेरीचा विचार करत होती. वास सासूबाईंना आधी आला.

"करपलं! उभी आहेस समोर आणि करपलं!"

"हो आई, चुकलं."

"चुकलं काय? तुझं असंच असतं. समोर असतेस आणि नसतेस. पाहुणे आले होते तेव्हा चहात साखर घालायची विसरलीस. तुझ्या मामंजींच्या ऑपरेशनच्या वेळी चष्म्याचं घर इस्पितळात ठेवून आलीस. आणि धाकटीच्या लग्नात माझी शाल! नवी कोरी! गाडीत राहिली ती राहिलीच. धाकटी कधी असं करते का?"

"आई, आज दूध करपलं, दुधाचं बोला," थोरली म्हणाली. "शाल वीस वर्षांपूर्वीची. ती आजच्या दुधाच्या नावावर कशाला..."

ती थांबली. हातातली पक्कड तशीच.

"कशाला म्हणजे? काढू नये का मी?"

"मी शून्यावर आणलंच नाही," थोरली म्हणाली.

"काय?"

"रिकाम्या ट्रकचं वजन! आई, मी रिकाम्याचं वजनच घेतलं नाही!" तिने गॅस बंद केला, पक्कड सासूबाईंच्या हातात दिली आणि ती मागच्या खोलीत गेली. सासूबाई पक्कड धरून दारापर्यंत आल्या. "अगं पण शाल..."

एका जोडणीवरून एकामागून एक क्वेऱ्या येतात. प्रत्येक क्वेरी सुरू होताना आकडे शून्यावर आणायला हवे होते. तिने आणले नव्हते. आधीच्या सगळ्यांचं ओझं साठत जाऊन शेवटी आलेल्या गरीब बापडीच्या डोक्यावर पडलं होतं. वजनकाट्यावर स्टुलावर बसून वाढलेल्या बाईने करावी अशी ही चूक नव्हे. दुरुस्ती ओळी-दोन ओळींची निघाली. तिने लाजत लिहिलं, "मागे पाठवलं ते वाचू नका, त्यात माझी चूक आहे."

तारवाल्यांचं उत्तर आलं. "वाचलं होतं. तुम्हाला कधी दिसते याची वाट बघत होतो."

"आगाऊ आहे हा म्हातारा," मुलगी म्हणाली.

"आहे खरा," थोरली म्हणाली. तिला तो आवडायला लागला होता.

त्यानंतरही दोनदा परत आलं. एकदा आकड्यांना दिलेल्या नावांसाठी, एकदा तिची एक तपासणी लिहायची राहिली म्हणून. वर्ष संपत आलं. साहेबांचा आठवण करून देणारा मेल आला, तळाशी हसरा चेहरा. फोनच्या कामासाठी हेडफोनचा खोकाही घरी येऊन पडला. नवऱ्याने तो कौतुकाने उघडून पाहिला आणि डोक्याला लावून "आपली अडचण आम्ही नोंदवून घेतली आहे" असं म्हणून दाखवलं. सासूबाई हसून हसून खोकल्या. थोरलीने खोका बंद केला आणि ट्रंकेवर ठेवला.

मग एका सकाळी तारवाल्यांचा एकच शब्द आला. "घेतलं."

"म्हणजे आता ते जगभर जाणार?" मुलीने विचारलं.

"ज्याला चालू करायचं असेल त्याच्याकडे चालू होईल."

"पैसे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाहीत."

"शाबासकी?"

"तो शब्द आला तीच."

पण लढाई तिथे नव्हती. तिने साहेबांकडून एक रिकामं मशीन मागितलं, त्यावर डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली, माहितीची प्रत चढवली आणि सकाळी दहाची ती सगळी गर्दी जशीच्या तशी पुन्हा घडवून आणली. त्यासाठी तिला ऑफिसात जावं लागलं. लोकांच्या रक्ताची माहिती, ती ऑफिसच्या बाहेर नेता येत नव्हती. स्लो लॉग उघडला. तिची क्वेरी वरच होती, आणि तिच्याखाली आता चार आकडे होते.

थांबण्यात गेलेला वेळ नावापुरता. जवळजवळ सगळा वेळ डिस्कवरून पानं आणण्यात.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. वर्षभर ती सगळ्यांना सांगत होती, मला कुणीतरी दाराबाहेर उभं केलंय. दाराबाहेर कुणी नव्हतं. तीच माळ्यावर चढत होती, पुन्हा पुन्हा. कारणही मग दिसलं. वर्षानुवर्षांचे झालेले निकाल आणि आजचे न झालेले, दोन्ही एकाच ठिकाणी मिसळून ठेवलेले. कामाची एक ओळ शोधायला अख्खं पान खाली आणायचं, ती ओळ घ्यायची आणि दुसरं पान आणायला जायचं. ही मांडणी जुनी, ती यायच्या आधीची. पण क्वेरी तिची होती, आणि ती लिहिताना मांडणी बघायला हवी होती, ती तिने बघितली नव्हती.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "मग तू हरलीस?"

"लॉकवर हरले," थोरली म्हणाली. आत गेलेला दार लावून घेतो, त्याला लॉक म्हणतात, हे मुलीला आता न्हाणीघरावरून पाठ होतं. "पण उशीर कुठे होतो ते सापडलं. आता तो काढता येईल."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये बसली. साहेबांनी ओळ वाचली, मग चष्मा काढला. "म्हणजे मॅडम, क्वेरी तुमचीच संथ होती."

"हो. मी म्हणत होते ते कारण चूक होतं. आता ही दुसऱ्या नंबरची बघा."

दुसऱ्या नंबरची क्वेरी एका नव्या मुलाची होती. त्याबद्दल त्याने मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत ऐकून घेतलं होतं. तिच्याखाली पानं मोजकी, डिस्क शून्य. सगळा वेळ थांबण्यात. ती बिचारी खरोखरच टॉवेल घेऊन उभी होती.

"याला तर मी ती तीनदा लिहायला लावली," साहेब हळू म्हणाले.

"अजून दहादा लिहिली असती तरी तेवढीच राहिली असती. आत जाऊन बसलंय कोण, ते शोधायला हवं. आणि माझ्या क्वेरीसाठी माळ्यावरचे डबे खाली काढायला हवेत."

"डबे?"

"पानं. झालेले निकाल वेगळे, न झालेले वेगळे, असं मांडायचं. प्रत्येक प्रयोगशाळेचं."

साहेबांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. माणूस वाईट नव्हता, त्याला घाई होती एवढंच. "हे काम घरून व्हायचं नाही," ते म्हणाले. "माहिती बाहेर जाणार नाही. प्रयोगशाळा दहाला गर्दी करतात, त्याआधी हात घालावा लागेल. म्हणजे रोज सकाळी लवकर इथे. निदान वर्षभर. नव्या मुलांना तुमच्या हाताखाली देतो. नाहीतर फोनची जागा आहेच, घरबसल्या, तीही मी थांबवलेली नाही. सकाळचं घर सोडून येणं तुम्हाला जड जाईल हे कळतं मला. घरी विचारून सांगा."

"घरी सांगून येते," थोरली म्हणाली.

रविवारी सकाळी तिने बाल्कनीतून शिडी आणली. वाळत घातलेले मोजे काढून बाजूला ठेवले. माळ्यावरून ती एकेक डबा उतरवत होती आणि मुलगी खालून झेलत होती.

"साफसफाई काढलीस का?" सासूबाईंनी विचारलं.

"मांडणी बदलतेय."

रोज न लागणारी मोठी भांडी ओट्यावरून माळ्यावर गेली, डाळी, तांदूळ खाली आले, चहा-साखर हाताशी पुढे आले. गोळ्यांची डबी फ्रीजवरून उतरवून सासूबाईंच्या हाताला येईल अशी बाजूला. इस्त्रीचा फळा मागच्या खोलीतून उचलून नवऱ्याच्या कपाटाशेजारी. हेडफोनचा खोका तिने पिशवीत घातला आणि पिशवी दाराच्या खुंटीला अडकवली.

जेवायला ती सगळ्यांच्या बरोबर बसली. एरवी ती वाढून झाल्यावर बसायची. नवऱ्याने भाजीसाठी ताट पुढे केलं, मग भांडं त्याच्याच समोर आहे हे पाहून स्वतः वाढून घेतलं.

"फळा माझ्या कपाटापाशी कुणी ठेवला?"

"मी."

"आणि मीठ कुठे गेलं?" सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर या कोपऱ्यात होतं."

"तुमच्या डाव्या हाताला आहे, आई."

सासूबाईंनी हात लांबवला. मीठ होतं.

"तर," नवरा चमचा हातात घेऊन म्हणाला, "साहेबाला काय कळवलंस? उद्यापासून फोन ना?"

थोरलीने तोंडातला घास संपवला.

"फोनचं काम मी घेतलेलं नाही. खोका उद्या परत देणार आहे. उद्यापासून मी सकाळी सातला ऑफिसला निघणार, वर्षभर तरी. सकाळचा चहा, डबा आणि इस्त्री तुम्ही तिघांनी बघायची. लागेल ते सगळं ओट्यावर काढून ठेवलंय, माळ्यावर कुणाला चढावं लागणार नाही. आणि न्हाणीघरात आधी मी जाणार."